भाच्याला प्रेप अकॅडमीतून फोन आलाय, पाठवावं का? अमेरिकेत हायस्कूल बास्केटबॉलचं हे काय चाललंय?

तुमचा प्रश्न असा की ताई एडिसनला, न्यू जर्सीत, भाचा नववीत आणि आत्ताच सहा फूट दोन इंच, शाळेच्या टीममध्ये खेळतो, आणि दुसऱ्या राज्यातल्या एका प्रेप अकॅडमीच्या (बास्केटबॉलसाठी बाहेरून मुलं गोळा करणाऱ्या शाळेच्या) माणसाने ताईला फोन करून सांगितलं की मुलाला आमच्याकडे पाठवा, कॉलेजचे कोच आमच्याकडेच बघायला येतात. ताई-दाजी गोंधळलेत आणि तुम्ही पुण्यात बसून विचारताय की हे खरं की फसवणूक.

मी मूळचा नागपूरचा, कॉलेजपर्यंत खेळलो, सिमेंटच्या कोर्टवर, पडलं की गुडघ्याचं सालटंच निघायचं. गेली पंधराएक वर्षं इंडियानात आहे, मुलगा इथल्या सरकारी हायस्कूलमधून चार वर्षं खेळला आणि त्यातली तीन वर्षं मी टेबलावर बसून होम टीमचं स्कोअरबुक लिहिलं, त्यामुळे हे सगळं फार जवळून बघितलंय आणि मनाला लागलंयसुद्धा, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी कामाचं. ताईला एकच विचारायला सांगा, फी किती? राहणं-खाणं-शिकणं सगळं फुकट देत असतील तर त्यांना मुलगा हवाय. पैसे मागत असतील, "थोडी सवलत देतो" म्हणत असतील, तर त्यांना गिऱ्हाईक हवंय. मोठ्या बोर्डिंग अकॅडमींची वर्षाची फी सहज 50 हजार डॉलरच्या पुढे जाते आणि त्यांच्याकडे टीम एक नसते, दोन-तीन-चार असतात. टीव्हीवर दिसते ती पहिली टीम, तिथली मुलं बोलावून आणलेली असतात. खालच्या टीमा बऱ्याचदा आईबापांच्या पैशांवर चालतात. जर्सीवर नाव तेच, बूट तेच, इन्स्टाग्रामवर फोटोही तसेच, पण कोच जो बघायला येतो तो पहिल्या टीमला बघून निघून जातो.

आता हे झालं कसं ते सांगतो, आणि त्यासाठी तुमच्या ताईच्या अंगणातलंच उदाहरण आहे. एडिसनपासून फार लांब नाही, जर्सी सिटीत सेंट अँथनी नावाची छोटी कॅथलिक शाळा होती, तिला स्वतःचं जिमसुद्धा नव्हतं, मुलं प्रॅक्टिसला दुसरीकडे जायची. तिथे बॉब हर्ली कोच होते, पेशाने प्रोबेशन ऑफिसर, आणि त्या शाळेने त्यांच्या हाताखाली पंचवीसहून जास्त वेळा राज्याचं विजेतेपद घेतलं. शेजारच्या एलिझाबेथ गावात सेंट पॅट्रिक, तिथून पुढे एनबीएत (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) गाजलेला कायरी अर्व्हिंग आला, कोच केव्हिन बॉयल. म्हणजे चांगली मुलं गोळा करणं तेव्हाही होतंच, कॅथलिक शाळा हे कित्येक दशकं करत आल्यात, पण मुलगा बसने यायचा आणि संध्याकाळी घरी जेवायला जायचा. मग 2011 ला बॉयल फ्लोरिडात माँटव्हर्ड अकॅडमीला गेले. 2012 ला सेंट पॅट्रिक बंद पडली (तिच्याच लोकांनी पुढे दुसऱ्या नावाने शाळा चालू केली), 2017 ला पैशाअभावी सेंट अँथनीला पण कुलूप लागलं. हर्लींची शाळा बंद झाली ती बातमी मी ऑफिसात वाचली आणि खरं सांगतो त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

आणि तिकडे माँटव्हर्ड? 2019-20 ची त्यांची टीम 25-0. केड कनिंगहॅम टेक्ससचा, मोझेस मूडी आर्कान्सॉचा, स्कॉटी बार्न्स फ्लोरिडातलाच पण दुसऱ्या शाळेतून आलेला, डेरॉन शार्प नॉर्थ कॅरोलायनाचा. 2021 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीमा दरवर्षी नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो) हे चौघेही पहिल्या राऊंडमध्ये गेले, कनिंगहॅम तर पहिल्या नंबरला. एका हायस्कूलच्या एका टीममधून चार! आता अशा टीमसमोर गावातल्या शाळेने उभं राहायचं कसं, म्हणून त्या उभ्याच राहत नाहीत. या अकॅडमी राज्याच्या स्पर्धेत खेळतच नाहीत, त्यांचं वेगळं सर्किट, देशभर विमानाने फिरतात आणि सीझनच्या शेवटी त्यांची वेगळी नॅशनल्स होते, टीव्हीवर दाखवतात, तिच्या नावात प्रायोजक कंपनीचं नाव असतं आणि ते दर थोड्या वर्षांनी बदलतं.

सुरुवात अर्थात माँटव्हर्डने केली नाही. व्हर्जिनियाच्या डोंगरात ओक हिल नावाची बॅप्टिस्ट लोकांची इवलीशी बोर्डिंग शाळा, पुढे एनबीए स्टार झालेला कार्मेलो अँथनी शेवटचं वर्ष तिथे खेळला, केव्हिन ड्युरांट पण एक वर्ष होता. ट्रेसी मॅकग्रेडीचं तर असं की 1996 च्या उन्हाळ्यात बूट कंपनीच्या कॅम्पला तो गेला तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं, तिथे खेळला, मग नॉर्थ कॅरोलायनातल्या माउंट झायन नावाच्या छोट्या ख्रिश्चन शाळेत गेला आणि 1997 ला थेट एनबीएत. तेव्हा हायस्कूलमधून थेट जाता यायचं. एनबीए आणि खेळाडूंच्या 2005 च्या करारात वयाची अट 19 झाली, 2006 च्या ड्राफ्टपासून ती लागू, म्हणजे मधलं एक वर्ष बहुतेकांनी कॉलेजात काढायचं, आणि त्या एका वर्षासाठी कॉलेजांची झुंबड उडाली. त्याच 2006 च्या सुमारास लास व्हेगासजवळ फिंडले प्रेप निघाली, एका गाडी विक्रेत्याने पैसे घातले, डझनभर मुलं, एका घरात राहायची आणि शेजारच्या खाजगी शाळेत शिकायची. तीन वेळा नॅशनल्स जिंकली ती टीम. 2019 ला त्या शाळेने संबंध तोडला आणि टीम संपली. म्हणजे माजी विद्यार्थी म्हणून परत जायला तिथे काही उरलंच नाही.

याच काळात नुसत्या नावापुरत्या शाळा पण निघाल्या होत्या, वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, मार्कलिस्ट मात्र झकास. 2006 ला वर्तमानपत्रांनी ते बाहेर काढलं आणि मग एनसीएए (कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था) कडक झाली. हे ताईला नक्की सांगा, कारण आपल्याकडे हा मुद्दा घरात पहिला येतो: डिव्हिजन वनला (कॉलेजच्या खेळांची सगळ्यात वरची पातळी) खेळायला 16 ठरावीक विषय पास व्हावे लागतात, त्यातले 10 बारावी सुरू व्हायच्या आत, आणि शाळेचे ते विषय एनसीएएने मान्य केलेले असावे लागतात. लॅपटॉपसमोर बसवून "ऑनलाइन स्कूल" म्हणणारे बरेच आहेत, त्यांच्या बाबतीत हे आधीच तपासायचं, नंतर रडून उपयोग नाही.

2021 नंतर तर पाणी डोक्यावरून गेलं. जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर, फोटोवर पैसे कमवायला परवानगी मिळाली आणि आता बहुतेक राज्यांत हायस्कूलच्या मुलांनाही आहे. त्याच वर्षी अटलांटात ओव्हरटाइम एलिट नावाची लीग निघाली, 16-18 वर्षांच्या पोरांना वर्षाला किमान एक लाख डॉलर पगार. तिथले आमेन आणि ऑसार थॉम्पसन हे जुळे भाऊ 2023 च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या आणि पाचव्या नंबरला गेले. फ्लोरिडाची आयएमजी अकॅडमी, जी 1978 ला टेनिसची शाळा म्हणून सुरू झाली, ती 2023 ला सव्वा अब्ज डॉलरला विकली गेली, एका प्रायव्हेट इक्विटी कंपनीला. शाळा! सव्वा अब्ज!

आणि ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं ते हे की कॉलेजात आता ट्रान्सफर पोर्टल आहे, खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्यात लगेच जाऊन खेळू शकतो, त्यामुळे कोचला 18 वर्षांचं पोरगं घेऊन दोन वर्षं घडवण्यापेक्षा 22 वर्षांचा तयार गडी बरा वाटतो. साध्या शाळेतल्या चांगल्या मुलाला पूर्वी जी ऑफर आली असती ती आता येत नाही. ही भीती खरी आहे, खोटी नाही, आणि अकॅडमीवाला फोनवर नेमकी हीच भीती वापरतो. आकडेही बघा, साधारण साडेपाच लाख मुलगे अमेरिकेत हायस्कूल बास्केटबॉल खेळतात आणि त्यातला शंभरात जेमतेम एक डिव्हिजन वनला पोचतो.

आता मी काय बघितलं ते. इंडियानात शुक्रवारी रात्री हायस्कूलची मॅच म्हणजे आपल्याकडची जत्रा समजा. बाहेर बर्फ, आत पॉपकॉर्नचा वास, शाळेचा बँड, ज्यांची नातवंडं पण शाळा सोडून गेली असे म्हातारे वर्षानुवर्षं त्याच जागेवर गादी टाकून बसलेले. 1954 ला मायलन नावाच्या गावाने, शाळेत मुलंमुली मिळून 161, फायनलमध्ये मन्सी सेंट्रलला 32-30 ने हरवून राज्य जिंकलं, ते इथे अजून काल घडल्यासारखं सांगतात. 1997 पर्यंत लहानमोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत होत्या.

आमच्या टीममध्ये एक डावखुरा पोरगा होता, 14 नंबर. दहावीत असताना त्याला एका अकॅडमीचा फोन आला, तुमच्या ताईला आला तसाच. आईवडिलांनी घरावर कर्ज काढलं. पुढच्या सीझनला मी बुकात नावं लिहायला बसलो, नंबरच्या क्रमाने लिहायची असतात, 12 नंतर 15 लिहिताना हात थांबला. कोचने 14 कोणाला दिलाच नव्हता.

वर्षभराने तो परत आला. तिथे त्याला तिसऱ्या टीममध्ये टाकलं होतं, रिकाम्या जिममध्ये मॅचेस, एक कॉलेजचा कोच आला नाही. आणि घरचा पत्ता न बदलता शाळा बदलली म्हणून तेव्हाच्या नियमाने वर्षभर त्याला मुख्य टीममध्ये खेळता येईना, फक्त जेव्हीत, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या टीममध्ये (2025 पासून इंडियानाने एकदा शाळा बदलायची सूट दिलीय, पण तेव्हा नव्हती). बारावीचा पोरगा, संध्याकाळी सहाला नववी-दहावीच्या पोरांबरोबर जेव्हीची मॅच खेळायचा, आणि मग घाम पुसून, जॅकेट घालून मुख्य मॅचला बेंचच्या शेवटच्या खुर्चीवर बसायचा. टाइमआऊटला माझ्या टेबलाशी येऊन वाकून बुकात बघायचा, कोणाचे किती फाऊल झाले ते, आणि जाऊन आपल्या पोरांना सांगायचा. त्याच्या मानेवर जेव्हीच्या मॅचचा ओरखडा अजून लाल असायचा. त्या वर्षीच्या बुकात मुख्य टीमच्या पानावर त्याचं नाव मी एकदाही लिहिलेलं नाही.

म्हणजे अकॅडमी वाईटच असं मी म्हणत नाही. सतनामसिंग भामराचं नाव ऐकलं असेल, पंजाबातल्या बल्लो के गावचा शेतकऱ्याचा पोरगा, 14 व्या वर्षी 2010 ला स्कॉलरशिपवर आयएमजीला गेला, इंग्रजी येत नव्हतं, आणि 2015 ला एनबीएच्या डॅलस टीमने त्याला 52 व्या नंबरला घेतलं, भारतात जन्मलेला ड्राफ्ट झालेला पहिला खेळाडू. एनबीएची एकही नियमित मॅच त्याला मिळाली नाही हे खरं, पण बल्लो केमध्ये बसून हे दार उघडलंच नसतं. कूपर फ्लॅग बघा, मेन राज्यातल्या न्यूपोर्ट नावाच्या खेड्याचा, नववीत, 2022 ला, जुळ्या भावाबरोबर गावच्या नोकोमिस शाळेला राज्याचं विजेतेपद मिळवून दिलं आणि मग दोघे माँटव्हर्डला गेले, तिथे 33-0, मग ड्यूक विद्यापीठ, आणि 2025 ला ड्राफ्टमध्ये पहिला. त्याने केलं ते त्याच्यासाठी बरोबरच होतं, तिकडे रोज प्रॅक्टिसलाच पुढे एनबीएत जाणारी पोरं अंगावर येतात, ते मेनमध्ये कुठून मिळणार. पण नोकोमिसच्या लोकांना तो एकच सीझन मिळाला, पुढची तीन वर्षं त्यांनी आपला पोरगा टीव्हीवर बघितला. हा हिशोब कुठल्याच रँकिंगमध्ये येत नाही आणि मला तो फार मोठा वाटतो.

तर ताईला सांगा, घाई नको. फोन करणाऱ्याला विचारायचं की मुलगा नेमक्या कुठल्या टीममध्ये असेल, ते लिहून द्याल का, मागच्या वर्षी त्याच टीममधून (पहिल्या नव्हे, त्याच) कोण कुठल्या कॉलेजात गेलं, त्यातल्या दोन घरांचे फोन नंबर द्या, शिकवतं कोण, रात्री ताप आला तर डॉक्टरकडे नेणार कोण, आणि परत यायचं झालं तर न्यू जर्सीत लगेच खेळता येईल का, हे शेवटचं तर त्यांना नाही, सध्याच्या शाळेच्या अॅथलेटिक डायरेक्टरला विचारायचं. "एक वर्ष परत नववी करूया" असं म्हणाले, याला इकडे रिक्लास म्हणतात, तर निदान घरात बसून नीट विचार करा, पोराचं वर्ष आहे ते. आणि सहा-दोन ही उंची आपल्याला फार वाटते पण इथे ती गार्डची, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्याची, उंची आहे, म्हणजे भाच्याला बॉल हाताळता यायला हवा, नुसतं बास्केटखाली उभं राहून चालणार नाही.

माझ्या मते दहावी घरी राहून खेळू द्या, उन्हाळ्यात चांगल्या क्लब टीमकडून खेळवा, कॉलेजचे कोच उन्हाळ्यातल्या त्या स्पर्धांना येतातच. भाचा कुठल्या पोझिशनला खेळतो ते कळवा आणि एखाद्या पूर्ण मॅचचा व्हिडिओ असेल तर पाठवा, कापून जोडलेला नको, पूर्ण, म्हणजे बॉल हातात नसताना तो काय करतो ते दिसेल. रविवारी बघून सांगतो.