सर भरभर शिकवतात, वर्गात नोट्स कशा काढू? (अकरावी सायन्स, सांगली)

सरांचं प्रत्येक वाक्य उतरवून घेणं आधी बंद कर. ऐक, आणि मुद्दा कळला की तो स्वतःच्या चार-पाच शब्दांत टिपून ठेव. मी साताऱ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. शब्दशः उतरवलेली वही दिसते देखणी, पण त्यातलंच काही विचारलं की मुलं परत वहीतच डोकं घालतात. फुलस्केप वहीत डावीकडे साधारण अडीच इंच जागा सोड आणि तासाला फक्त उजवीकडे लिही. त्याच संध्याकाळी (एसटीत बसायला मिळालं तर तिथंच) डावीकडे प्रश्न लिही. समजा उजवीकडे ‘प्रोजेक्टाइल (हवेत फेकलेली वस्तू): आडवा वेग कायम’ असेल, तर डावीकडे ‘का कायम?’. मग उजवी बाजू हाताने झाकायची आणि उत्तर द्यायचं: आडव्या दिशेने बलच नाही, हवेचा विरोध धरलेला नाही. खरा अभ्यास या झाकण्यात होतो, लिहिण्यात नाही. ही कॉर्नेल पद्धत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनी ती १९५० च्या दशकात बसवली. डेरिव्हेशन, आकृत्या आणि व्याख्या मात्र फळ्यावर आहेत तशाच पूर्ण घे, तिथं स्वतःचे शब्द घातलेस तर पेपरात मार्क जातात. एखादी पायरी निसटली तर दोन ओळी मोकळ्या सोडून पुढे जा, तास संपल्यावर शेजाऱ्याकडून भरून घे. रंगीत पेनांची हौस घरी.