प्रश्न मोजू नकोस, उत्तर वाच

अंबाजोगाई

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. खासदारांच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला, हजेरीचा आणि प्रश्नांचा तुझा तक्ता नीट पाहिला. मराठवाड्याच्या आठही खासदारांचा असा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. तू हात घातलास, बरं वाटलं.

पण एवढ्यावरून नंबर लावू नकोस. मंत्री असलेला खासदार प्रश्न विचारत नाही, हजेरीपटावर सहीही करत नाही. त्याच्या रकान्यातलं शून्य म्हणजे आळस नव्हे. शिवाय एकाच अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तर मिळणाऱ्या, प्रश्नावर कधीकधी पाच-सहा जणांची नावं असतात आणि तो प्रत्येकाच्या खात्यात जमा होतो.

खरी गोष्ट उत्तरात सापडते. संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रश्नोत्तराची पीडीएफ आहे, ती उघड. प्रश्न चार-पाच उपभागांत विचारलेला असतो आणि उत्तर बरेचदा सगळ्यांना मिळून एकच. कोणत्या उपभागाला बगल दिली, ते शोध. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेच घे. मार्ग 261 किलोमीटरचा, खर्च निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. बीडला गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. या मार्गावरची जुनी उत्तरं तारखेनुसार लावून वाच: जमीन किती ताब्यात आली, राज्याचा वाटा किती जमा झाला. मग बघ, उत्तर मोघम आल्यावर आपल्या खासदाराने पुढच्या अधिवेशनात तोच धागा पुन्हा धरला का. माझ्या लेखी खासदाराची पारख इथेच होते. एकदा विचारून सोडून देणारे पुष्कळ असतात.

‘माहिती गोळा करून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं की खूण कर. ते सरकारचं आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा असते आणि त्यावर लक्ष ठेवायला संसदेची स्वतंत्र समिती आहे.

भाषणांचे मोबाइलवर फिरणारे तुकडे बाजूला ठेव. कामकाजाचा पूर्ण वृत्तांत मिळतो, तो वाच. नियम 377 खाली खासदार लोकांचे जे तातडीचे प्रश्न मांडतात, ते मुद्दे तर पुष्कळदा न बोलता लेखीच पटलावर ठेवले जातात.

आणि तुझ्या तक्त्यात समित्यांचा रकानाच नाही! खातेनिहाय स्थायी समित्यांची व्यवस्था 1993 साली आली. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष आपल्या लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर होते. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो, म्हणून त्यांची चर्चा होत नाही. पण विधेयकं आणि खात्यांचे खर्च बारकाईने तपासले जातात ते तिथेच. अहवालाच्या शेवटी बैठकीचं इतिवृत्त जोडलेलं असतं, त्यात हजर सदस्यांची नावं असतात. हे काम किचकट आहे, तरी कर.

आधी पीक विम्यावरची उत्तरं काढ. त्यांत जिल्हावार आकडे दिलेत की नुसते राज्याचे, तेवढं बघून ठेव. दिवाळीत आलीस की बसून वाचू.

तुझे,
सर