चार पिना तोडलेला कनेक्टर

प्रश्न : मी सांगलीत घरून डीटीपीची कामे करतो. मॉनिटर जुना, व्हीजीए केबलचा आहे, असे सांगूनच मी ९,२०० रुपयांचे ग्राफिक्स कार्ड घेतले. दुकानदाराने त्याला २५० रुपयांचा कनेक्टर दिला. तो कार्डात शिरेना, तेव्हा त्यांच्या मेकॅनिकने चार पिना पक्कडीने तोडून तो बसवला. पडद्यावर काहीच येत नाही. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले आहे. मी काय करावे?

उत्तर : कार्ड बिघडलेले आहे, अशी तक्रार कृपया करू नका, कारण ते दुसऱ्या मॉनिटरवर चालले की तुमची बाजू तिथेच लंगडी पडेल. तुमच्या कार्डाला डीव्हीआय-डी सॉकेट असावे, त्यातून केवळ डिजिटल सिग्नल बाहेर पडतो. तोडलेल्या चार पिना नेमक्या व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल नेणाऱ्या होत्या, आणि त्यांना कार्डात छिद्रेच नव्हती. तो कनेक्टर जपून ठेवा; इतका बोलका पुरावा पक्षकार क्वचितच आणतात.

माल कशासाठी हवा हे ग्राहकाने सांगितले असेल आणि तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला असेल, तर माल त्या कामाला योग्य असलाच पाहिजे, ही अट वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार करारात गृहीत धरली जाते. मात्र कार्ड तुम्ही स्वतः कंपनीचे नाव व मॉडेल सांगून मागितले असेल, तर त्याच कलमातील अपवादाचा आधार दुकानदार घेऊ शकेल. म्हणून मॉनिटरविषयी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संभाषण असल्यास ते पुसू नका.

बिलावरच्या छापील ओळीने बिचकू नका. बिलात मुदत दिलेली नसताना सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत विक्रेत्याच्या दाव्याप्रमाणे नसलेला मालही येतो. डीटीपी हा तुमच्या उपजीविकेचा स्वयंरोजगार असल्याने ‘माल व्यापारी प्रयोजनासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ हा आक्षेपही टिकू नये.

प्रथम १५ दिवसांची लेखी नोटीस पाठवा. तीत दोन्ही वस्तूंची रक्कम मागा, किंवा पर्याय म्हणून कार्डाच्या एचडीएमआय सॉकेटला चालणारा, डिजिटल सिग्नल अ‍ॅनालॉगमध्ये बदलणारी चिप आत असलेला एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर दुकानदाराने स्वखर्चाने द्यावा, असे लिहा. तो काही शे रुपयांत येतो, त्यामुळे बहुधा तडजोड इथेच होईल. तसे न झाल्यास खरेदीपासून दोन वर्षांच्या आत सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. एवढ्या रकमेला शुल्क नाही.