आरव्हीची बॅटरी चार्ज होत नाही? आधी मीटर लावा

आरव्हीसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, नवी बॅटरी आणायची घाई करू नका. कॅम्पग्राउंडच्या वीज देणाऱ्या खांबाला केबल जोडली, आतले दिवे लागले, म्हणजे बॅटरी चार्ज होतेय असं नसतं. ते दिवे बॅटरीवरही लागतात. अमेरिकेतल्या १२० व्होल्ट एसीचे १२ व्होल्ट डीसी करतो तो कन्व्हर्टर. शोध त्याच्याभोवतीच घ्यायचा.

साधा मल्टिमीटर घ्या. केबल काढून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा, मग केबल लावून पुन्हा बघा. लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर आकडा १३.२ ते १४.४ च्या दरम्यान चढला, तर चार्जिंग चालू आहे आणि संशय बॅटरीवरच. आकडा हललाच नाही, तर कन्व्हर्टरच्या आउटपुटवर मीटर लावा. तिथे १३.६ आणि बॅटरीवर १२.२ दिसलं, तर दोष मधल्या वाटेत: बॅटरी तोडणारा डिस्कनेक्ट स्विच, बॅटरीजवळचा फ्यूज किंवा चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडलेली गंजकी अर्थिंगची वायर. स्विच सर्वांत आधी बघा. हिवाळ्यात उभी ठेवलेली गाडी बाहेर काढताना तो हमखास बंद राहतो.

आउटपुटच नसेल तर पॅनेलमधला कन्व्हर्टरचा ब्रेकर बघा. तो ठीक असेल तर कन्व्हर्टरचे रिव्हर्स पोलॅरिटीचे, म्हणजे उलट्या जोडणीपासून वाचवणारे, फ्यूज तपासा. बॅटरी क्षणभर उलटी जोडली तरी ते उडतात. बदलताना केबल काढा, बॅटरीही सोडवा, आणि तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला. मोठा कधीच नाही.

१२० व्होल्टच्या बाजूला मात्र स्वतः हात घालू नका. तिथे इलेक्ट्रिशियनच बोलवा.