विदारण, झीज, खनन, धूप... एकच का वेगळं?

शिकवणी घेणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की नववीच्या पोरांच्या वहीत विदारण, झीज, खनन, धूप हे चार शब्द पाठोपाठ येतात, पोरं कुठला पण कुठं पण लिहितात, मग ह्यात फरक काय. आणि वर्गातल्या एकानं तर म्हणे विचारलं, "मॅडम, नदी खनन करते म्हणजे तिच्याकडं जेसीबी असतो काय?"

पोरगं हुशार आहे ताई, त्याचं उत्तर आधी देतो. खन् म्हणजे खणणं, खाण तिथनंच आली, खनिज पण तिथलंच. म्हणजे नदी तळ आणि काठ खणते ह्या अर्थी खनन शब्द बरोबरच आहे, फक्त रोजच्या पेपरात आपण "अवैध खनन" एवढंच वाचतो त्यामुळं डोक्यात डंपर येतो. माणसानं केलं तर खाणकाम म्हणा, नदी-वारा-लाटांनी केलं तर खनन, निदान वर्गात तरी एवढं पाळलं की घोळ मिटतो.

आता विदारण. दॄ म्हणजे फाटणं, फुटणं, हृदयविदारक म्हणतो ना त्यातलंच. (इंग्रजीत ह्याला वेदरिंग म्हणतात, त्याच्याशी उच्चार जुळतो म्हणून पोरांना लक्षात ठेवायला सोपं, बाकी नात्यागोत्याचा काय संबंध नाही.) मुद्दा असा की विदारणात खडक जागच्या जागी फुटतो, कुसतो, पण हलत नाही. कोल्हापुरातनं जोतिबाला जाताना रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं गाडी थांबवून बघा, काळ्या दगडाचे गोळे दिसतात आणि त्याच्यावर कांद्यागत पापुद्रे, नखानं ओढलं तरी हातात येतात. आतला गाभा घट्ट, हातोडी मारली तर खणकन वाजेल, आणि भोवतीनं सगळा मुरूम. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा लाव्हा तो, फटीतनं पाणी शिरत गेलं आणि कडंनं कुसत आला. मुरूम म्हणजे अर्धवट विदारण झालेला दगड, हे एवढं सांगितलं तर शेतकऱ्याच्या पोराला व्याख्या पाठ करायला नको.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर तर हेच पार टोकाला गेलंय. पावसानं काळ्या दगडातली सिलिका हळूहळू धुऊन नेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, लोखंड गंजून लाल झालं, तो आपला भोकाभोकाचा जांभा. राधानगरी-शाहूवाडीकडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, ॲल्युमिनियम जास्त उरलं तिथं बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज. गंमत बघा, बॉक्साइट तयार झालं विदारणानं आणि आपण ते काढतो खाणकामानं, एकाच सड्यावर दोन्ही शब्द भेटले.

झीज हा मात्र खरा घोळ घालणारा शब्द. झिजणं हे क्षीण, क्षय ह्याच कुळातलं, प्राकृतातनं घासत घासत आलेलं. पाटा झिजला की टाकी लावून घेतो, चप्पल झिजते, गुडघे झिजतात, म्हणजे हळूहळू कमी होणं, कशानं का होईना. एवढा ऐसपैस शब्द शास्त्रात घेतला की तो विदारणाला पण चालतो आणि खननाला पण, आणि वर "विस्तृत झीज" म्हणून तिसरंच, ज्यात मातीदगड स्वतःच्या वजनानं उतारावरनं खाली येतात. पन्हाळ्याचा रस्ता खचतो, घाटात दरड येते ते हे. माझं मत विचाराल तर झीज हा शब्द कशाची किंवा कसली ते जोडल्याशिवाय वापरूच नये, आणि पोरांना आधी खचणं, दरड कोसळणं सांगावं, मग विस्तृत झीज.

धूप म्हणजे मातीची. पाऊस जोरात झाला की बांध धुपतो, ओघळी पडतात, वरची चांगली माती जाते. ही धूप स्त्रीलिंगी, ती धूप. देवापुढं जळतो तो धूप. आणि हिंदीत धूप म्हणजे ऊन, त्यामुळं हिंदी माध्यमातनं आलेलं पोरगं "जमिनीची धूप" वाचून जमिनीवर ऊन पडलंय असं समजलं तर त्याची चूक नाही हां. इंग्रजीत मात्र खनन आणि धूप दोन्हीला इरोजन, लॅटिन मूळ कुरतडण्याचं, रोडंट म्हणजे उंदरांची जात तिथलीच. आपल्याकडं खडकाला एक आणि मातीला एक असे दोन शब्द आहेत ते मला जास्त बरं वाटतं.

पुढचं सोपं आहे. उचललेलं नेणं ते वहन, पावसाळ्यात कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला नद्यांच्या संगमावर तांबडं पाणी बघितलं की कळतं. टाकून देणं ते संचयन किंवा निक्षेपण, आपल्या भाषेत गाळ बसणं. नदीकाठची मळीची रानं त्यातनंच झाली, आणि 2019 ला महापुराचं पाणी उतरल्यावर घराघरातनं खोऱ्यानं चिखल काढला ते पण निक्षेपणच, फक्त दिवाणखान्यात झालेलं.

पेपरात मात्र पुस्तकात जो शब्द आहे तोच लिहायला सांगा ताई, खननाच्या जागी धूप लिहून पोराचा मार्क गेला तर माझ्या नावानं बोंब नको. आणि ते "विदरण" नाही, विदारण, द ला काना.