तलावाला ओहोटी लागते काय?

राकसकोप म्हणजे बेळगावला पाणी पुरवणारा तलाव, त्याच्या बातमीला 'राकसकोपच्या पाण्याला ओहोटी' असं शीर्षक चालेल काय, असं मला विचारलंय. चालतंय की, धंद्याला ओहोटी लागते, लोकप्रियतेला लागते, मग तलावालाही लागू दे. पण खरी ओहोटी समुद्राची, ती साधारण सहा तासांनी परत फिरते आणि राकसकोपचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की पावसाची वाट बघत बसायचं, म्हणून मला तरी तिथं तो शब्द खटकतो.

आपल्यात पाणी कशानं कमी झालं त्यावर क्रियापद ठरतंय. पूर ओसरतो नाहीतर उतरतो. कृष्णेवरचा कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली गेला की चिकोडीकडची माणसं फोनवर 'पाणी उतरालंय काय' एवढंच विचारणार, 'आटालंय काय' म्हणून कोण विचारत नाही, कारण आटणं हे उन्हाळ्याचं, विहीर आटते, ओढा आटतो, चुलीवरचं दूध आटतं आणि म्हशीचं पण आटतं. धरण मात्र तळ गाठतं. पाणी सोडायच्या सगळ्यात खालच्या दरवाज्याच्या पातळीखाली जे उरतं तो मृतसाठा, शब्द सरकारी पण पेपरवाल्यांनी घरोघरी पोचवलाय. हिडकल धरणाचं पाणी बरंच खाली गेलं की त्यात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, हे 'उघडं पडणं' पण त्यातलंच.

माझा लाडका शब्द पायउतार. आता तो फक्त मंत्र्यांपुरता उरलाय, पण नदी पायउतार झाली म्हणजे चालत पलीकडं जाता येईल इतकं पाणी कमी झालं, आणि जिथनं असं जाता येतं ती जागा म्हणजे उतार. वेदगंगा-दूधगंगेच्या काठाला पाणी जास्त असलं की होडी, तीही नसली तर गुळाची काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, पाण्यात सोडायची, आणि कमी झालं की धोतर वर खोचून उतारावरनं. कन्नडात भरती-ओहोटीला उब्बर-इळित म्हणतात, त्यातल्या इळितमध्ये पण खाली उतरणंच आहे बघा.

तेव्हा 'राकसकोपची पातळी खालावली' लिहा, बातमीला तेवढं बास. ओहोटी मालवणसाठी ठेवा, तिथले लोक तिला सुकती पण म्हणतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती लांबवर मागं जाते, अष्टमीच्या आसपास भांग असला की भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची.