एकाच वाटीवर उभी राहिलेली पेढी

प्रश्न : माझा मुलगा टोकियोत नोकरीला आहे. बरेचदा ‘योशिनोया’त जेवतो. गोमांस आणि भात, एवढंच मुख्य. तरी म्हणे ते १८९९ पासून चालू आहे. एका पदार्थावर इतकं कसं टिकलं?
– एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, ते सुरू झालं टोकियोतल्या निहोनबाशीच्या मासळीबाजारात. ते सुरू करणाऱ्या एइकिची मात्सुदांचं गिऱ्हाईक म्हणजे बाजारात राबणारी माणसं. आपल्या सावद्याला केळीच्या गाड्या भरणाऱ्यांना जेवायला वेळ असतो का? तसंच तिथं. गरम भातावर कांद्यासोबत सोयासॉसच्या गोडसर रश्श्यात शिजलेले मांसाचे पातळ काप, की झालं जेवण! १९२३च्या भूकंपानंतर बाजार हलला, १९२६ला दुकानही टोकियोतल्याच त्सुकिजीला गेलं.

नारंगी पाटी, बैलाची शिंगं आणि ‘चविष्ट, स्वस्त, झटपट’ ही त्यांची ओळख. या तिघांचा क्रम काळानुसार बदलत गेला. आज चव पहिली आहे, आणि मला तेच योग्य वाटतं. १९८०मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, तरी सावरली.

पण खरी परीक्षा २००४ची. गुरांच्या रोगामुळे जपाननं २००३च्या अखेरीस अमेरिकी गोमांसाची आयात थांबवली होती. दुसरीकडचं मांस वापरता आलं असतं, पण चव बिघडेल म्हणून त्यांनी मुख्य पदार्थच बंद केला आणि डुकराच्या मांसाची वाटी विकली. २००६च्या सप्टेंबरात तो पदार्थ परत आला, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. खाणावळ चालवणारी बाई म्हणून सांगते, चवीसाठी गल्ला रिकामा ठेवायला छाती लागते.